रडून काय होणार?

दरवर्षी जानेवारीत एक दिवस मी वर्गातले सगळे दिवे बंद करते. खिडक्यांचे पडदे ओढते, दाराच्या काचेवर काळा कागद लावते आणि सहावीच्या २७ मुलांना सांगते, आता दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. बाहेर अमेरिकेतल्या सेंट पॉलमध्ये गुडघाभर बर्फ असतं. आत फक्त हीटरचा आवाज. अंधार पुरेसा मुरला की मी स्वेटरच्या खिशातून दोन पांढऱ्या गारगोट्या काढते आणि एकमेकींवर जोरात घासते. दगडाच्या पोटात फिकट पिवळा उजेड लकाकतो आणि विझतो. पाठोपाठ काहीतरी करपल्याचा वास येतो. मुलं श्वास रोखतात.

जुन्नरजवळच्या आमच्या गावात हा खेळ शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. ओढ्यातून गारगोट्या वेचून आणायच्या, रात्री गोधडी डोक्यावर घ्यायची आणि आत घासत बसायचं. विझवायला वीजच नसलेल्या घरात आमची ती दिवाळी असायची. पण त्या उजेडानं कधी काही पेटलं नाही. कापूस धरला, वाळलं गवत धरलं, आजोबांचं विडीचं पान धरलं. नुसता उजेड आणि वास. तो उजेड थंड असतो, दगडातच चमकतो आणि दगडातच संपतो.

वर्गात मग मी दुसऱ्या खिशातून आजोबांची चकमक काढते. पोलादाचा वाकडा, बोटभर तुकडा. ती त्यांच्या चंचीत असायची, सुपारी, तंबाखू आणि सावरीच्या कापसाबरोबर. गारगोटीच्या धारेवर ती खालच्या दिशेनं ओढली की नारिंगी ठिणग्या सांडतात, खऱ्या, गरम. मुलं ओरडतात. मी पुन्हा ओढते. दिवे लावल्यावर मी विचारते, ठिणगी कशाची होती? जवळजवळ सगळे म्हणतात, दगडाची. नसते. दगडाची धार पोलादाचा कण खरवडून काढते, तो कण घासण्यानं इतका तापतो की हवा लागताच जळतो. जळतं ते लोखंड. दगडाचं काम फक्त खरवडण्याचं. हे कळलं की गॅरी पॉलसन यांच्या ‘हॅचेट’ या कादंबरीचं नाव कुऱ्हाडीवरून का, ते मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

या देशातल्या शाळांतून पाचवी ते सातवीच्या वर्गांत वर्षानुवर्षं वाचली जाणारी ही कादंबरी. तिला १९८८ साली बालसाहित्याचा न्यूबेरी सन्मान मिळाला. ब्रायन रोबसन हा तेरा वर्षांचा मुलगा न्यूयॉर्क राज्यातून एका छोट्या विमानानं कॅनडाच्या उत्तरेला वडिलांकडे निघाला आहे. आईवडिलांचा नुकताच घटस्फोट झालाय. विमानात तो आणि वैमानिक, दोघंच. वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो. इंधन संपेपर्यंत विमान उडत राहतं आणि मग एका तळ्यात कोसळतं. पोरगा वाचतो. त्याच्याजवळ असते निघताना आईनं दिलेली, कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली लहान कुऱ्हाड. पुढचे ५४ दिवस तो त्या तळ्याकाठी एकटा असतो.

माझ्या वर्गातली मुलं हे पुस्तक हातात पडताच धावत सुटतात. शाळेत एरवी पान उलटायला कंटाळणारा मुलगा कासवाची कच्ची अंडी खाण्याचा प्रसंग तीनदा वाचतो. ब्रायन ज्या आंबट-तुरट बेरी खाऊन पोट धरून लोळतो, त्या चोकचेरी आहेत हे पुस्तक शेवटी सांगतं. पण इथल्या उत्तरेकडे ज्यांचे आजी-आजोबा राहतात ती मुलं पहिल्याच वाचनात ओळखतात. त्यांच्या घरी चोकचेरींची जेली होते. मग ती पुस्तकाच्या पुढे पळतात, आणि मला त्यांना आवरण्यात आनंद वाटतो.

आग पेटवण्याच्या प्रकरणाला मी तीन तास देते. सोबतचे शिक्षक एका तासात संपवतात, पण मला ते जमत नाही. ब्रायनला ठिणगी मिळालेली आहे, तरी आग मिळत नाही. तो वाळलं गवत लावतो, बारीक काटक्या लावतो, दोन्ही एकत्र लावतो. खिशातली वीस डॉलरची नोट फाडून तिचे तुकडे लावतो, तेही पेटत नाहीत. मग त्याला तळ्याकाठचे पांढरे बर्च दिसतात, त्यांच्या खोडावरून सुटलेले सालीचे पापुद्रे दिसतात. बर्च म्हणजे आपला भूर्ज. हिमालयातल्या भूर्जाच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, तर इथल्या ओजिब्वे लोकांनी त्यांच्याकडच्या बर्चच्या सालीच्या होड्या केल्या. मी प्रत्येक बाकावर सालीचा एकेक तुकडा ठेवते आणि सांगते, केसाइतके बारीक धागे काढा. दहा मिनिटांत निम्मी मुलं वैतागतात. ब्रायन या कामाला दोन तासांहून जास्त वेळ बसला, हे तेव्हा त्यांच्या बोटांना कळतं. शाळेत आग लावायची परवानगी नाही, ठिणगीपुरतीच आहे. त्यामुळे आमचे ते धाग्यांचे पुंजके तसेच राहतात, आणि मुलं ते डब्यात घालून घरी नेतात.

पण मला सांगायचंय ते आगीच्या आदल्या रात्रीबद्दल.

त्या रात्री ब्रायनच्या गुहेत सायाळ शिरते. अंधारात तो कुऱ्हाड फेकून मारतो, ती दगडी भिंतीवर आपटते, ठिणग्या उडतात. सायाळ त्याच्या पायात काटे टोचून निघून जाते. तो एकेक काटा उपटतो आणि मग रडतो. खूप वेळ रडतो. रडून झाल्यावर त्याच्या ध्यानात येतं की पाय दुखतोच आहे, अंधार तसाच आहे, काहीसुद्धा बदललेलं नाही. स्वतःची कीव करण्यानं काम होत नाही, हा जंगलातला सगळ्यात मोठा नियम तो तिथं शिकतो. या पुस्तकावरच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न असतो: त्या रात्री ब्रायन काय शिकला? उत्तर ठरलेलं. मुलं ते रंगीत कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवतात.

मी पण अनेक वर्षं तो नियम मनापासून शिकवला. मला तो परका नव्हता. आमच्या आजीचं ते रोजचं वाक्य होतं: रडून पोट भरतं का? पाटी फुटली, गुडघा फुटला, पहिला नंबर हुकला की आई म्हणायची, रडून काय होणार आहे, ऊठ, तोंड धू. त्यात माया नव्हती असं नाही. कोरडवाहू शेतीत आणि सात जणांच्या घरात अश्रूंना वेळ देणं परवडत नव्हतं एवढंच. तो नियम घेऊन मी शिकले, लग्न करून इथं आले. पहिल्या हिवाळ्यात पारा उणे तीसपर्यंत उतरला तेव्हा बसथांब्यावर पापण्या चिकटल्या होत्या. तेव्हाही हेच वाक्य मनात म्हटलं होतं. म्हणून ब्रायनचं ते प्रकरण शिकवताना माझा आवाज ठाम असायचा.

चार वर्षांपूर्वी जानेवारीतच बाबा गेले. फोन आला तेव्हा इथं रात्रीचे अकरा वाजले होते, गावाकडे सकाळ झाली होती. भाऊ म्हणाला, ताई, दुपारी नेणार आहोत, तू पोचू शकणार नाहीस, जिवाला लावून घेऊ नकोस. मी व्हिडिओवर पाहिलं. बाबांच्या पायाशी बसलेली माणसं दिसत होती. आवाज तुटत होता. सकाळी उठून मी डबा भरला आणि शाळेत गेले. घरी बसून तरी काय करणार होते? त्या दिवशी वर्गात सायाळीचं प्रकरण होतं.

मी ते वाचलं, फळ्यावर प्रश्न लिहिला. हात वर झाले, उत्तरं आली, मी मान डोलावली. मागच्या बाकावर एक मुलगा होता. त्याचे वडील नाताळच्या आधी घर सोडून गेले होते, हे त्याच्या आईनं मला येऊन सांगितलं होतं. पूर्ण महिन्यात तो वर्गात बोलला नव्हता. त्यानं हात वर केला नाही, नुसतं विचारलं, “पण ऐकायला कुणी होतं का?”

मला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, “म्हणजे, त्याचं रडणं ऐकायला तिथं कुणीच नव्हतं. मग त्याला कसं कळलं की रडण्यानं काम होत नाही?”

वर्ग गप्प झाला. मला उत्तर सुचत नव्हतं, आणि त्या दिवशी मला बोलण्याचा भरवसाही नव्हता. तेव्हा खिडकीजवळची एक मुलगी बोलली. ती ह्मोंग आहे. सेंट पॉलमध्ये ह्मोंग कुटुंबं पुष्कळ. लाओसमधल्या युद्धात त्यांनी अमेरिकेच्या बाजूनं लढा दिला आणि १९७५ नंतर तिथं राहणं अशक्य झालं, म्हणून जंगलातून चालत, मेकाँग नदी ओलांडून ते थायलंडला आणि तिथून इकडे आले. ती म्हणाली, “माझी आजी जंगलात लपली होती. तिथं रडायचंच नव्हतं. लहान बाळ रडलं तर सैनिक येतील म्हणून बाळांना अफू देऊन झोपवायचे. काही बाळं उठलीच नाहीत.” ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती, घरात अनेकदा ऐकलेलं असणार. मग म्हणाली, “आता आजी मयतीला गेली की खूप रडते. आमच्यात तीन-चार दिवस चालतं ते. आई म्हणते, रडू दे तिला, तिला इथं रडता येतं.”

त्या दिवशी मी भिंतीवर काहीच चिकटवलं नाही.

मयतीचं रडणं आमच्या गावाकडेही असतं. बाई दारात येते तीच हंबरडा फोडत, घरातली तिच्या गळ्यात पडते, आणि दोघी मेलेल्या माणसाचं नाव घेऊन, त्याच्या गोष्टी सांगत रडतात. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. शिकल्यावर थोडी लाजही वाटली, हे कबूल केलं पाहिजे. रडून पोट भरतं का म्हणणारी माझी आजीच त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं रडायची, हे मात्र माझ्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारच्या, भावकीच्या घरांतून पिठलं-भाकरी, आमटी-भात येतो आणि सुतकातल्या माणसांना आग्रह करून दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी मी स्वयंपाक करत होते. बेल वाजली. सोलापूरकडच्या एक वहिनी इथं आमच्यापासून वीस मिनिटांवर राहतात, त्या दारात होत्या. कोटावर बर्फ, हातात दोन मोठे डबे. त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. त्यांनी बूट काढले, सरळ आत आल्या, शेगडीवरचं पातेलं पाहिलं आणि गॅस बंद केला. म्हणाल्या, “अगं, तू कशाला पेटवलास? आम्ही मेलो होतो का?”

मग मी रडले. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून, वहिनींच्या ओल्या कोटात तोंड खुपसून, बाबांचं नाव घेऊन. शेजारी अमेरिकन कुटुंब राहतं, भिंत पातळ आहे, त्याचंही भान राहिलं नाही. किती वेळ गेला ठाऊक नाही. त्यांनी पिठलं-भात कालवून घास हातात दिला. माझे बाबा गेले होते ते गेलेलेच होते. तरी काहीतरी बदललं होतं.

त्यानंतर मी ‘हॅचेट’ पुन्हा पहिल्यापासून वाचलं, शिक्षिका म्हणून नव्हे. तेव्हा दिसलं की पुस्तक त्या नियमावर थांबलेलंच नाही. सायाळीची रात्र अगदी सुरुवातीच्या दिवसांतली आहे. नियम शिकून ब्रायन आग पेटवतो, अंडी शोधतो, घट्ट उभा राहतो. आणि मग एक दिवस डोक्यावर विमान येतं, घिरटी घेतं आणि परत फिरतं. तो नियम तेव्हा त्याला सावरत नाही. तो इतका खचतो की जगणंच नको म्हणून त्या कुऱ्हाडीनं स्वतःला इजा करून घेतो. पॉलसन हे थोड्याच ओळींत, मागे वळून पाहताना सांगतात, आणि पुष्कळ शिक्षक त्या ओळी भरभर ओलांडतात. मी पण ओलांडायचे. आता त्या दिवशी शाळेच्या समुपदेशक बाई वर्गात येऊन बसतात आणि आम्ही सावकाश बोलतो. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना हे पेलणार नाही असं मोठ्यांना वाटतं. मुलांपैकी काहींनी ते घरात पाहिलेलं असतं.

या कादंबरीवर १९९० साली निघालेल्या चित्रपटाचं नाव ‘अ क्राय इन द वाइल्ड’. इंग्रजीतल्या त्या शब्दात हाक आणि रडणं दोन्ही आहे. मराठीत मी शब्द शोधत होते, मग आठवला: टाहो. तान्हं मूल फोडतं तो टाहो; त्यातलं रडणं कुठं संपतं आणि हाक कुठं सुरू होते ते सांगता येत नाही. जंगलात हाकेला ओ देणारं कुणी नव्हतं, म्हणून ब्रायनच्या टाहोचं नुसतं रडणं उरलं.

पॉलसन यांचा जन्म १९३९ साली मिनियापोलिसचा, म्हणजे आमच्या जुळ्या शहराचा. आईबाप दारूत बुडालेले. राज्याच्या उत्तरेकडच्या थीफ रिव्हर फॉल्स गावात हा मुलगा एका कडाक्याच्या थंडीच्या संध्याकाळी निव्वळ ऊब मिळावी म्हणून ग्रंथालयात शिरला. तिथल्या बाईंनी त्याला विचारलं, कार्ड हवंय का? त्याच्या नावाचं कार्ड केलं, पुस्तक दिलं, ते वाचून आणल्यावर आणखी दिलं. आयुष्यभर ते ही गोष्ट सांगत राहिले. पुढे त्यांनी अलास्कातल्या कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या इडिटारॉड शर्यतीत १९८३ आणि १९८५ साली भाग घेतला, जंगलं पायाखाली घातली. २०२१ मध्ये ते गेले. एकट्यानं जगण्याची इतकी पुस्तकं लिहिणाऱ्या माणसाला वाचवलं ते टेबलापलीकडच्या एका बाईनं, असं मी मुलांना सांगते.

काही शाळांत ‘हॅचेट’ऐवजी स्कॉट ओडेल यांची ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ घेतात. ती १९६० सालची, आणि तिच्यामागे खरी बाई आहे. कॅलिफोर्नियाच्या सॅन निकोलस बेटावर ती १८३५ पासून १८ वर्षं एकटी राहिली. १८५३ साली तिला सँटा बार्बराला आणलं आणि सात आठवड्यांत ती आजारपणानं गेली. तिच्या बोलण्यातले जेमतेम चार शब्द कुणीतरी लिहून ठेवले. ते चार शब्द लक्षात आले की मला पुढे शिकवणं जड जातं.

प्रश्नपत्रिकेतला तो प्रश्न मी काढलेला नाही. ब्रायन जे शिकला ते खरंच आहे. दलदलीत, अंधारात, एकट्यानं असताना उठावंच लागतं, काटे स्वतःचे स्वतःच उपटावे लागतात. आजीनं मला ते शिकवलं नसतं तर मी त्या बसथांब्यावरून परत फिरले असते. पण तो नियम तळ्याकाठचा आहे. तो वर्गाच्या भिंतीवर लावला की मागच्या बाकावरचं पोरगं महिनाभर तोंड मिटून बसतं, आणि आपण त्याला शहाणं समजतो.

तो मुलगा पुढे काही फार बोलका झाला नाही. मात्र शेवटचं प्रकरण वाचताना पुढं सरकून बसला होता. वादळानं विमानाचं शेपूट वर आलंय, ब्रायननं त्यातून मदतीची पिशवी काढली आहे, अन्नाची पाकिटं सापडली आहेत, आणि तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर शिजवतो आहे. तेवढ्यात तळ्यावर विमान उतरतं. कातडी विकत घेणारा एक वैमानिक बाहेर येऊन थक्क होऊन पाहतो. ब्रायनची जीभ टाळूला चिकटते, मग तो आपलं नाव सांगतो आणि त्या माणसाला खायला विचारतो.

मुलं दरवर्षी इथं हसतात. सुटका झाली आणि हा जेवण काय विचारतोय? त्या वर्षीही हसली. मी म्हटलं, आमच्या गावात दारात आलेल्या माणसाला आधी हेच म्हणतात. कसं म्हणतात, असं कुणीतरी विचारलं. मी फळ्यावर देवनागरीत लिहिलं: जेवून जा. खाली उच्चार सांगितला. २७ तोंडांतून ते २७ प्रकारे निघालं, ‘ज’चं काय काय झालं. मागच्या बाकावरून एकदा, हळू, पण नीट आलं. पुन्हा म्हणा म्हटलं, तोवर घंटा झाली. त्या तासानंतर आमची जेवणाची सुट्टी असते.